तोरणमाळची रात्र: अंथरुणाच्या प्रकल्पाच्या नोंदी

3 नोव्हेंबर

शाळेचं निसर्ग शिबिर यंदाही तोरणमाळलाच ठरलं. डिसेंबरचा तिसरा आठवडा, एक मुक्काम, 24 मुलं-मुली आणि आम्ही तिघं शिक्षक. शहाद्याच्या या भागातल्या मुलांना सातपुडा रोज दिसतो, पण त्यावर रात्र काढलेली नसते. म्हणून शिबिर मुक्कामीच हवं, यावर मी ठाम आहे.

पण मागच्या वर्षीसारखी रात्र पुन्हा नको. तेव्हा तंबू आणि झोपायच्या पिशव्या भाड्याने आणल्या होत्या. देणाऱ्याने 'शून्य अंशाच्या आहेत' असं सांगितलं, मी पिशवीवरचा शिक्का बघितला आणि विश्वास ठेवला. रात्री एकपासून मुलं एकेक करून शेकोटीकडे येऊन बसायला लागली. धडगावकडचा, वसतिगृहात राहणारा आठवीतला एक मुलगा पहाटेपर्यंत कधी आगीकडे पाठ, कधी पोट करत बसून होता. सकाळी पक्षी बघायला निघालो तर तो झाडाला टेकून उभ्या उभ्या झोपला. ते दृश्य माझ्या डोळ्यांसमोरून वर्षभर हललेलं नाही.

नंतर वाचून कळलं ते असं. या पिशव्यांची चाचणी ठरावीक मानकाप्रमाणे होते, आणि तिच्यात थंडीचे तीन आकडे असतात. एक आरामात झोप लागेल तो. दुसरा, अंगाचं मुटकुळं करून कशीबशी रात्र निघेल तो. तिसरा नुसता जीव वाचण्यापुरता. पिशवीवर ठळक छापलेला आकडा यातला कोणता, हे विचारल्याशिवाय त्याला अर्थ नाही. शिवाय चाचणीत पिशवीखाली जाड गादी धरलेली असते. आमच्या मुलांखाली मेणकापड आणि प्लॅस्टिकची चटई होती.

म्हणून यंदा प्रकल्पच हाती घेतला: इथे मिळणाऱ्या वस्तूंतून, मुलामागे शंभर रुपयांच्या आत, तोरणमाळला रात्रभर झोप लागेल असं अंथरूण-पांघरूण. तो मुलगा आता नववीत आहे. त्याला पहिल्याच दिवशी सोबत घेतलं.

9 नोव्हेंबर

रस्त्याकडेच्या शेतात ठेलारी मेंढपाळांचा वाडा बसलाय. शेतकरी खतासाठी मेंढरं बसवून घेतात, त्यामुळे ही माणसं हिवाळाभर उघड्यावरच असतात. थंडीत उघड्यावर झोपायचं ते यांच्याइतकं कोणाला कळणार? संध्याकाळी आम्ही दोघं जाऊन बसलो.

घोड्यावरून उतरवलेलं अंथरूण एक मावशी लावत होत्या. खाली पोतं, त्यावर जाड गोधडी, त्यावर आणखी एक. पांघरायला एक गोधडी आणि सगळ्यांत वर काळी घोंगडी. म्हणजे पांघरायला जेवढं, जवळजवळ तेवढंच खाली. मी विचारलं, अंगावर का घेत नाही सगळं? त्या अहिराणी मिसळलेल्या बोलीत म्हणाल्या, "भाऊ, थंडी वर्हेतीन नई येस, जमीनमाईन येस." थंडी वरून येत नाही, जमिनीतून येते.

घोंगडी सगळ्यांत वर का, तेही त्यांनी हाताने दाखवलं. ती दवासाठी. लोकर स्वतःच्या वजनाच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी ओल पोटात घेते तरी हाताला ओली लागत नाही. सुती गोधडी दवाने भिजली की संपली. अंथरूणही नाल्यात नव्हतं, बांधाच्या आडोशाला, थोडं उंचावर होतं. थंड हवा जड असते, ती रात्री पाण्यासारखी उतारावरून वाहत जाऊन खोलगट जागी साचते. हे मी वर्गात शिकवतो. जागा निवडताना मात्र मागच्या वर्षी तळ्याकाठचं सपाट गवत बघून तिथेच तंबू ठोकले.

12 नोव्हेंबर

प्रयोगशाळेतले तापमापक आणि एक लिटरच्या स्टीलच्या चार बाटल्या. प्रत्येकीत 70 अंशांचं पाणी. व्हरांड्याच्या फरशीवर आडव्या ठेवल्या. बाहेर 15 अंश. तीन तासांनी मोजलं:

उघडी बाटली: 26.
फरशीवर ठेवून वर दोन ब्लँकेट: 38.
एक ब्लँकेट खाली, एक वर: 41.
खाली वाळक्या केळीच्या पानांनी भरलेलं बारदान, वर एकच ब्लँकेट: 45.

ब्लँकेट तीच, फक्त एक वरचं खाली गेलं आणि तीन अंश वाचले. मुलांनी दुसऱ्या आणि तिसऱ्या आकड्याकडे बराच वेळ बघितलं. एकीने विचारलं, "सर, मग घरी आपण खाली एक सतरंजी आणि वर तीन पांघरुणं का घेतो?" घरात खाट असते, गादी असते, म्हणून निभतं. फरशीवर झोपणाऱ्यांचं निभत नाही, ती माणसं नुसती सहन करतात.

ऊब देणारं काहीच नसतं, ऊब आपलं शरीर तयार करतं. कापूस, लोकर, पानं यांचं काम एकच, स्थिर हवा अडवून धरणं. अंगाखाली दबून पातळ झालेल्या पांघरुणात हवा उरत नाही, म्हणून झोपायची पिशवी कितीही महाग असली तरी तिची खालची बाजू जवळजवळ निरुपयोगी असते. खाली असं काहीतरी हवं जे वजनाने पुरतं दबणार नाही.

16 नोव्हेंबर

केळीची पानं. आमच्या भागात याला तोटा नाही. खोडाला लोंबणारी वाळकी पानं शेतकरी कापून सरीत टाकतात, म्हणाल तेवढी न्या म्हणतात. मुलं सकाळी सातलाच जाऊन दहा बारदानं भरून घेऊन आली. फार उत्साहात होती. मी तोंडं शिवून टाकली.

19 नोव्हेंबर

दहाही बारदानं वाया. हात घातला तर आत कोमट लागलं, कुबट वास, दोन पोत्यांत पांढरी बुरशी. पानं दवात असताना भरली होती, ओली पानं दाबून ठेवली की कुजायला लागतात आणि तापतात. चूक माझी, मुलांची नाही. मी वेळ सांगायला हवी होती. ती सगळी पानं खतखड्ड्यात टाकली, बारदानं धुऊन वाळत घातली.

नवी पद्धत लिहून फळ्याशेजारी लावली. पानं दुपारी बारानंतर आणायची. मधला जाड दांडा काढून फक्त पात घ्यायची, दांडा पाठीला टोचतो. दोन दिवस गच्चीवर कडक ऊन. भरण्याआधी प्रत्येक मूठ झटकायची, कारण वाळक्या पानांत विंचू सापडतो. हातात जाड मोजे घालायचे. मुठीत चुरली की कुरकुर वाजली पाहिजे, नाहीतर परत उन्हात.

एका मापाच्या बारदानाची लांबी 44 इंच, रुंदी साडेसव्वीस. मुलाच्या खांद्यापासून गुडघ्याच्या वरपर्यंत येतं. तेवढं पुरे, कारण वजन खांदे आणि कमरेवर असतं. पायांखाली रिकामं केलेलं दप्तर ठेवायचं. ही दप्तराची सूचना त्या नववीतल्या मुलाची. डोंगर चढणारे लोक अगदी हेच करतात, हे त्याला सांगितलं तेव्हा तो खुलला.

23 नोव्हेंबर

वसतिगृहाच्या सहा जुन्या रजया घेऊन शहाद्याला पिंजाऱ्याकडे. आता पिंजायला यंत्र आहे, पण दुकानातले बाबा कापूस अजून हातानेच तपासतात. त्यांनी रजईची शिवण उसवली, आतला कापूस गाठी होऊन चिकटलेला होता. एक गोळा घेऊन तळहाताने दाबला, हात काढला आणि बघत थांबले. गोळा तसाच पोळीसारखा पडून राहिला. "मेलाय," म्हणाले. मग तोच गोळा यंत्रातून काढला, पुन्हा दाबला, आणि तो हळूहळू, श्वास घेतल्यासारखा, वर आला. नवीन कापूस एक चिमूटही घातला नव्हता.

खान्देशात कापूस पिकतो आणि आमच्या वसतिगृहातली मुलं मेलेल्या कापसाखाली झोपतात. पिंजायला तासभरही लागला नाही. दोन बोटं जाड असलेल्या रजया चार-चार बोटं होऊन आल्या. दर दोन हिवाळ्यांना पिंजून घ्यायच्या, हे वसतिगृहाच्या वहीत लिहून आलो.

30 नोव्हेंबर

माणसावर चाचणी. बाटलीला माणसाएवढं वजन नसतं, कूस नसते, घाम नसतो, तेव्हा स्वतः झोपल्याशिवाय काही खरं नाही. एका पालकांच्या शेतात, विहिरीजवळ, मी आणि क्रीडाशिक्षक. त्या पालकांना रात्रीच्या विजेवर हरभऱ्याला पाणी द्यायचं होतं, त्यामुळे जागती सोबत होती. पऱ्हाट्यांवर वांगी भाजून भरीत झालं, कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकरी, वर शेंगदाण्याचं तेल. थंडीत झोपण्याआधी पोटात तेलाचं आणि जड धान्याचं हवंच. ते सावकाश पचतं आणि शरीराची भट्टी मध्यरात्रीनंतरही चालू राहते.

माझ्याखाली बारदान, क्रीडाशिक्षकांच्या खाली दोन सतरंज्या. पांघरुणं सारखी. पहाटे चार वाजता बाहेर 9 अंश. मी झोपेत होतो, ते कुशी बदलत होते. चारला आम्ही जागा बदलल्या, आणि दहा मिनिटांत काळ्या जमिनीचा गारवा माझ्या कमरेत शिरला. आकड्यांपेक्षा ते पटणारं होतं.

एक गोष्ट चुकली. दव पडेल म्हणून मी पांघरुणावर मेणकापड घट्ट गुंडाळलं होतं. सकाळी ते आतून ओलं, रजईचा वरचा थर दमट. अंगाची वाफ बाहेर जायला वाट नव्हती. मेणकापड खाली हवं. वर हवं असेल तर दोरीवर ताणून, अंगापासून हातभर उंच.

7 डिसेंबर

पालकांची सभा. पोरांना न्यायच्या वस्तूंची यादी वाचली: घरातली सगळ्यांत जाड गोधडी किंवा रजई, कानटोपी, झोपताना घालायचा पूर्ण वेगळा, कोरडा कपड्यांचा जोड, मोज्यांचे दोन जोड, स्टीलची घट्ट झाकणाची बाटली, गूळ-शेंगदाणे. नवीन काही विकत घेऊ नका, असं तीनदा सांगितलं. एका आईकडे घोंगडी आहे, सासऱ्यांची. ती पेटीत पडून असते, लाजत म्हणाल्या. मी म्हटलं, ताई, तीच पाठवा, पिशव्यांपेक्षा ती भारी आहे.

एका वडिलांनी विचारलं, तंबूत घमेल्यात निखारे ठेवले तर? गावाकडे बंद खोलीत शेगडी ठेवून झोपतात. यावर मी अर्धा तास घेतला आणि त्याबद्दल मला जराही संकोच वाटत नाही. धुमसत्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातलं हिमोग्लोबिन त्याला प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून जास्त जोरात धरतं, मग प्राणवायूला जागाच उरत नाही. डोकं दुखतं, मळमळतं, आणि झोपलेल्या माणसाला तेही कळत नाही. तो उठतच नाही. तंबूत, बंद खोलीत, गाडीत, कुठेच शेगडी नको. शेकोटीही तंबूंपासून तीस पावलांवर, कारण आमची बारदानं म्हणजे वाळकं सरपण आहे. हे मुलांकडून पाठ करून घेतलंय.

घरातही नका ठेवू, असं शेवटी हात जोडून सांगितलं.

14 डिसेंबर

24 बारदानं तयार, आम्हा शिक्षकांची तीन वेगळी. सगळी कुरकुर वाजतात. भरताना फूटभर उंच, झोपल्यावर चार बोटं उरतात. खर्च बारदानं, सुतळी, पिंजाई धरून मुलामागे 70 रुपयांच्या आत.

गरम पाण्याच्या बाटलीचा हिशेब वर्गात मांडला. एक लिटर पाणी एक अंश निवलं की एक किलोकॅलरी मिळते. 60 वरून 35 वर यायला 25. झोपलेला मोठा माणूस तासाला साठ-सत्तर किलोकॅलरी स्वतःच तयार करतो, म्हणजे बाटली देते ती शरीराची पंचवीस मिनिटांची कमाई. रात्र तिच्यावर निघणार नाही. पण गार पडलेल्या पावलांना झोपेच्या सुरुवातीलाच ती ऊब मिळते, आणि पाय गरम झाले की झोप लागते. बाटली मोज्यात घालायची, उघडी कातडीला लावायची नाही, भाजतं.

पेपरात धुळ्याच्या कृषी महाविद्यालयाचा किमान तापमानाचा आकडा रोज बघतोय, उतरत चाललाय. उत्तरेचे कोरडे वारे, निरभ्र आकाश, हवेत ओल नाही. दिवसभर तापलेली जमीन रात्री सगळी उष्णता आकाशाकडे सोडून देते, अडवायला ढग नाही. म्हणून आपल्याकडे दुपारी अंगरखा काढावा लागतो आणि पहाटे दात वाजतात. मुलं दुपारच्या उन्हाला फसून पातळ कपड्यांत निघतील, यावर नजर ठेवायची आहे.

20 डिसेंबर, तोरणमाळ

म्हसावद, राणीपूर, मग घाट. वर साधारण 1,143 मीटर. यशवंत तलावाच्या काठाला मुलं धावली, पण तंबू तिथे नाही. तलावापासून वर, मंद उताराच्या टेकाडावर, झाडांच्या खाली जागा धरली. डोक्यावर फांद्या असल्या की जमिनीची उष्णता थेट आकाशात जात नाही, दवही कमी पडतं. शेजारच्या पावरा वस्तीतले एक आजोबा येऊन बघून गेले. खालच्या गवताकडे हात करून म्हणाले, तिथे पहाटे पांढरं होतं. आम्ही बरोबर ठिकाणी होतो.

सायं. 6.30. घाटातल्या पायवाटेने चढून घामाजलेले कपडे सगळ्यांनी बदलायचे. दोघांनी टाळलं, बदललेत असं सांगितलं.

8.00. खिचडी, तूप, पापड. शेकोटी, गाणी.

9.30. झोपण्याआधी प्रत्येकाने लघवीला जाऊन यायचं, मग वीस उठाबशा, घाम येणार नाही इतक्याच. अंग गरम असताना अंथरुणात शिरायचं. गार अंगाने शिरलं तर पांघरूण गारवाच धरून ठेवतं. तंबूंच्या खिडक्या दोन-दोन बोटं उघड्या. नाक-तोंड पांघरुणाबाहेर, डोकं टोपीत. तोंड आत घेतलं की श्वासाची वाफ रजईत मुरते.

11.30. पहिली फेरी. टेकाडावर 11 अंश. 24 पैकी 22 झोपलेत. दोघी हळू आवाजात गप्पा मारत होत्या, थंडीमुळे नाही.

रात्री 2.00. दुसरी फेरी. एक मुलगा थरथरत होता. हात लावला, बनियन ओलसर: कपडे न बदललेल्यांपैकी एक. माझे कोरडे कपडे दिले, मोजे दिले, गरम पाणी आणि गूळ-शेंगदाणे. त्याला बोलतं ठेवलं. शब्द स्पष्ट येतायत का, बोटांना शर्टाचं बटण लावता येतंय का, हे बघत होतो. थरथर ही शरीराची लढाई आहे. ती थांबली आणि पोरगं सुस्त होऊन अडखळत बोलायला लागलं, तर ती धोक्याची खूण, मग थेट गाडी आणि दवाखाना. वीस मिनिटांत त्याचे हात गरम झाले, तो झोपला. मी तासभर तिथेच बसलो.

3.15. एक मुलगी बारदानावरून उताराकडे घसरून जमिनीवर आली होती, झोपेतच पाय पोटाशी घेतलेले. उचलून वर सरकवली. पुढच्या वेळी डोकं चढाकडे ठेवून, पायथ्याला दगडाची आड लावायची, आणि बारदान खालच्या ताडपत्रीला चार टाक्यांनी शिवायचं.

5.00. टेकाडावर 9 अंश, खाली तलावाकाठच्या गवतावर 6. दोनशे पावलांच्या अंतरात तीन अंश. नववीतल्या मुलाला उठवलं, त्याने माझ्याबरोबर येऊन दोन्ही मोजले आणि वहीत लिहिले. झोप झाली का विचारलं. "सर, मला तर तुम्ही उठवेपर्यंत जागच नाही आली."

शेकोटीपाशी कोणी नव्हतं. राखेत सकाळचं पाणी तापायला ठेवलं.

21 डिसेंबर

परतताना सीताखाई बघितली. सगळी मुलं ताजी. गाडीत उन्हात बसल्याबरोबर मलाच झोप लागली.

24 डिसेंबर

बारदानं उसवली नाहीत. पानं अजून कोरडी आहेत, हिवाळा दोन महिने आहे. दोन पोत्यांना उंदरांनी कुरतडलंय, म्हणून बाकीची भांडार खोलीत दोरीवर टांगली. फेब्रुवारीअखेर पानं केळीच्या बागेत परत.

संध्याकाळी नववीतला तो मुलगा आला आणि विचारलं, एक बारदान वसतिगृहात नेऊ का. तिथल्या लोखंडी खाटांवर पत्र्याच्या पट्ट्या आणि वर पातळ सतरंजी आहे, पट्ट्यांमधून खालची हवा लागते. मी खोलीची किल्ली दिली. तो एक न नेता, किती खाटा आहेत ते मोजून परत आला: 31.

आपल्याकडे धड 25 आहेत, तीही शिक्षकांची धरून. सहा कमी पडतात. रविवारी दुपारी बारानंतर केळीच्या बागेत जायचं ठरलंय. मोजे आणि सुतळी मी आणतोय.